दुपारचं वाया जाणारं ऊन: सातपुड्याच्या पाड्यांवर उरलेली सौरवीज घराघरांत कशी वाटायची

सातपुड्यातल्या पाड्यावर जानेवारीत दुपारी एकच्या सुमारास चार्ज कंट्रोलरवरचा (पॅनेलमधून बॅटरी भरणं सांभाळणाऱ्या यंत्रावरचा) ‘बॅटरी फुल्ल’चा दिवा लागतो. तिथून संध्याकाळपर्यंत छपरावरचं पॅनेल जवळजवळ रिकामं बसून असतं. ऊन असतं, पॅनेल ठणठणीत असतं, पण वीज ठेवायला जागा नसते, म्हणून कंट्रोलर करंट तोडतो. ही वीज कुठे साठत नाही की कुठे वाहून जात नाही. ती तयारच होत नाही. त्याच वेळी शंभर पावलांवरच्या घरातली जुनी बॅटरी अर्धीच भरलेली असते आणि रात्री नऊला त्या घरातला दिवा मालवतो.

एका घराची ही शिल्लक दुसऱ्या घरात नेणं शक्य आहे, आणि त्यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही. मात्र दोन घरांच्या बॅटऱ्या वायरने जोडल्या की झालं, असंही नाही. तसं जोडल्याने चांगल्या बॅटऱ्याही बाद होतात.

शिल्लक नेमकी किती

२०१७ साली सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत तारा न पोचणाऱ्या दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी (म्हणजे बॅटरीच्या एकदिश विजेवर चालणारा) पंखा आणि एक डीसी प्लग असा संच ठरवलेला होता, सोबत पाच वर्षांची देखभाल. तोच संच धरून हिशेब करू.

खान्देशात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण पाच तासांचं ‘पूर्ण ऊन’, म्हणजे पॅनेल पूर्ण क्षमतेने चालेल एवढं ऊन, मिळतं. २०० वॅट गुणिले पाच म्हणजे १,००० वॅट-तास. उष्णता, धूळ, वायर आणि बॅटरी यांत तीस टक्के जातात असं धरा. हाती राहतात ७०० वॅट-तास.

आता खर्च. सात वॅटचे चार दिवे पाच तास: १४०. दोन मोबाईल: २०. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास: २००. एकूण ३६०. म्हणजे पंखा चालूनही रोज ३४० वॅट-तास शिल्लक, आणि थंडीत पंखा बंद असला की ५४०. पावसाळ्यात चित्र उलटतं. जुलै-ऑगस्टमध्ये सातपुड्यात ढग आणि धुकं इतकं असतं की अनेक दिवस पूर्ण ऊन तीन तासही मिळत नाही. तेव्हा वाटण्यासारखं फारसं काही नसतं, आणि हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं बरं.

सगळ्यात मोठी शिल्लक मात्र या हिशेबात येतच नाही. दिवाळीनंतर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला किंवा कामासाठी गुजरातकडे जातात. घराला कुलूप लागतं, पॅनेल छपरावरच राहतं. ते घर दिवसाला ७०० वॅट-तास देऊ शकतं आणि काहीच वापरत नाही. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं शेजारच्या घरात अर्ध्या उजेडात बसतात. वीजवाटणीचा सर्वांत मोठा फायदा या बंद घरांच्या पॅनेलमधून मिळतो. होळीला मंडळी परततात, पंखे सुरू होतात आणि शिल्लक एकदम आटते. म्हणून होळीचा आठवडा धरूनच आखणी करावी, डिसेंबरचे आकडे बघून नाही.

तुमच्या पाड्यावर शिल्लक आहे का हे ओळखायला यंत्र लागत नाही. आठवडाभर प्रत्येक घरात ‘फुल्ल’चा दिवा किती वाजता लागतो ते लिहून ठेवा. साडेबारा-एकला लागत असेल तर दिवसाचं जवळजवळ अर्धं ऊन वाया जातं आहे. चारनंतर लागत असेल तर त्या घराकडे देण्यासारखं काही नाही. आणि कधीच लागत नसेल तर आधी पॅनेल पुसा आणि वायरचे जोड तपासा. निम्म्या वेळा त्या घराला दुसऱ्याची वीज नको असते, दुरुस्ती हवी असते.

द्यायची ती पॅनेलमधून, बॅटरीतून नाही

या विषयातलं सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे, आणि नेमकं इथेच लोक चुकतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर (शिसं-आम्लाची) बॅटरी १२,००० रुपयांना मिळते असं धरा. तिच्यात १.२ युनिट (१,२०० वॅट-तास) मावतात, पण आयुष्य टिकवायचं तर रोज निम्मीच वापरायची, म्हणजे ०.६ युनिट. अशी ती १,५०० वेळा भरली-उतरली तर आयुष्यभरात ९०० युनिट देते. बॅटरीतून निघणाऱ्या प्रत्येक युनिटमागे तेरा रुपयांहून जास्त झीज होते. शेजाऱ्याला रात्री बॅटरीतून वीज देणारं घर स्वतःची बॅटरी विकत असतं, फक्त ते दोन वर्षांनी कळतं.

बॅटरी भरल्यानंतर पॅनेलमधून थेट निघणाऱ्या विजेला मात्र जवळजवळ काहीच किंमत पडत नाही. म्हणून नियम असा: देवाणघेवाण दुपारीच, आणि घेणाऱ्याने ती आपल्या बॅटरीत भरून ठेवायची. रात्री प्रत्येक घर आपापल्या बॅटरीवर.

हा नियम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये, यंत्रात बसवावा. प्रत्येक घरात १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक दुतर्फी कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज बदलून वीज बाहेर देणारं आणि आत घेणारं यंत्र, बसतो. सोपं म्हणून त्याला पेटी म्हणू. शिसं-आम्लाच्या बॅटरीसाठी पेटीचं सेटिंग असं ठेवा: बॅटरीच्या टोकांवर १४.२ व्होल्ट सलग पंधरा मिनिटं टिकले तरच वीज देणं सुरू, आणि १३.४ च्या खाली आले की लगेच बंद. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवते. म्हणजे १३.४ च्या वर असेपर्यंत ती उतरत नसते, जाणारा करंट पॅनेलचाच असतो. ढग आला की व्होल्टेज घसरतं आणि पेटी आपोआप थांबते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असेल तर ‘बंद’चा आकडा १३.५ ठेवा. या बॅटरीचं व्होल्टेज चाळीस टक्के भरलेली असताना आणि नव्वद टक्के भरलेली असताना जवळजवळ सारखंच दिसतं, त्यामुळे मधल्या आकड्यावरून ती किती भरली आहे हे कळत नाही. तिच्यासाठी आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा मीटर असलेलाच बरा.

बारा व्होल्ट लांब जात नाहीत

दोन घरांमध्ये तीस मीटर अंतर आहे आणि अडीच एमएमची तांब्याची वायर टाकली, असं समजा. जायची आणि यायची मिळून वायर ६० मीटर. अडीच एमएमला किलोमीटरमागे साधारण साडेसात ओहम रोध असतो, म्हणजे इथे ०.४५ ओहम. ६० वॅट पाठवायचे तर १२ व्होल्टवर पाच अँपिअर लागतात. व्होल्टेज सव्वादोनने पडतं आणि ११ वॅट वायर तापवण्यात जातात. निघताना १३.५ असलेले पलीकडे सव्वाअकरा होतात. त्यावर बॅटरी भरणार नाही.

तेच ६० वॅट ४८ व्होल्टवर पाठवले तर करंट सव्वा अँपिअर. पडझड अर्ध्या व्होल्टच्या आसपास, नुकसान एका वॅटहूनही कमी. व्होल्टेज चौपट केलं की वायरमधलं नुकसान सोळापट घटतं. म्हणून घरात १२, आणि घरांच्या मधल्या लाइनला ४८.

४८ लाही मर्यादा आहे. चार एमएमच्या वायरने १०० वॅट शंभर मीटर नेले तर चार टक्के पडतात, हे चालतं. तीनशे मीटर नेले तर बारा टक्के, हे चालत नाही. पावरा आणि भिल्ल वस्तीत घरं आपापल्या शेतात, वेगवेगळ्या टेकडीवर असतात, त्यामुळे अख्खा पाडा एका लाइनवर आणायचा हट्ट धरू नये. दीडशे मीटरच्या आत बसणारी पाच ते आठ घरं धरा. नाल्यापलीकडची चार घरं हा वेगळा गट. एकट्या लांबच्या घरासाठी भरलेली छोटी लिथियम बॅटरी नेऊन देणं वायर टाकण्यापेक्षा स्वस्त पडतं.

लाइन एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ओवू नका. मधल्याने पेटी काढली की पुढचे सगळे अंधारात. एक मुख्य केबल न्यायची आणि प्रत्येक घरासाठी तिला फाटा काढायचा, प्रत्येक फाट्यावर स्वतंत्र डीसी एमसीबी (जादा करंट आला की लाइन आपोआप तोडणारा स्विच).

कोण देतं, कोण घेतं, हे लाइनलाच कळतं

सात पेट्यांना एकमेकींशी बोलायला इंटरनेट लागेल असं वाटतं. लागत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी पाटाने येतं, आणि पाटातली पातळी बघूनच कळतं की आज किती फडांना, म्हणजे शेतांच्या गटांना, पुरेल. ४८ व्होल्टच्या लाइनमध्ये पातळीचं काम व्होल्टेज करतं.

देणारी पेटी मोकळी असताना ५२ व्होल्ट ठेवते, आणि जसजसा भार वाढतो तसतशी खाली येत पूर्ण १०० वॅटला ४८ वर येते. घेणारी पेटी लाइनवर ५१ च्या वर दिसलं तर पूर्ण जोराने भरते, खाली येईल तसं घेणं कमी करते आणि ४८ ला थांबते. देणारे जास्त असले की लाइन ५१-५२ वर राहते. घेणारे वाढले की ती ४९ वर येते आणि सगळेच आपोआप हात आखडता घेतात. कुणी कुणाला हुकूम देत नाही, मधला कंट्रोल रूम नाही, मोबाईलची रेंज नसली तरी चालतं. धडगावच्या डोंगरात ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे.

यात एक अन्याय लपलेला आहे. टोकाच्या घराला वायरमधल्या पडझडीमुळे व्होल्टेज आधीच कमी दिसतं, म्हणून त्याची पेटी लवकर आखडते. उपाय दोन: टोकाकडच्या तुकड्यात जाड वायर टाकणं, किंवा त्या घरच्या पेटीचे आकडे पडझडीइतके, अर्धा ते एक व्होल्ट, खाली करणं. लाइन चालू झाल्यावर पहिल्या आठवड्यात टोकाच्या घराचं मोजमाप घ्याच. नाहीतर महिन्याभरात ते घर बाहेर पडतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

शेजाऱ्यांत सौरवीज वाटण्याचं हे काम बांगलादेशात सोलशेअर या कंपनीने घरोघरच्या छोट्या सौरसंचांना अशाच पेट्यांनी जोडून केलं आहे. तिथे घरं दाटीवाटीची आहेत, आपल्याकडे विखुरलेली. तत्त्व तेच, वायरीचा हिशेब वेगळा.

बिघाड कुठे होतात

पहिला आणि महागडा बिघाड: दोन घरांच्या बॅटऱ्या थेट समांतर जोडणं. एक बॅटरी नवी, एक चार वर्षांची. नवी जुनीत रिकामी होत राहते, रात्रंदिवस. दोघांचंही नुकसान.

दुसरा सहज दिसत नाही. बऱ्याच स्वस्त चार्ज कंट्रोलरमध्ये दिव्यांची लाइन तोडणारा स्विच ऋण बाजूला असतो. दोन घरांच्या ऋण वायरी एकत्र बांधल्या की करंटला कंट्रोलर चुकवून जाणारी आडवाट मिळते. बॅटरी उतरली तरी दिवे बंद होत नाहीत, बॅटरी पूर्ण रिकामी होते आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. म्हणून पेटी घेताना १२ आणि ४८ या बाजू एकमेकींपासून पूर्ण विलग आहेत का, हे विचारून घ्या. नसेल तर ती पेटी घेऊ नका.

तिसरा, घरातले साधे एसी स्विच आणि एमसीबी वापरणं. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी पेटती राहते, स्विच वितळतो, आणि बांबू-कुडाच्या घरात याचा अर्थ काय ते सांगायला नको. ‘डीसी’ असं छापलेला आणि पुरेशा व्होल्टेजचा एमसीबीच लावा, आणि त्यावरच्या अधिक-उणे खुणा पाळा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज हवा. ४८ व्होल्टचा धक्का कोरड्या हाताला सहसा जीवघेणा नसतो, पण शॉर्ट झालेली बॅटरी काही सेकंदांत वायर लाल करते. धोका झटक्यापेक्षा आगीचा जास्त.

बाकीचे रोजचे: पिळून टेप मारलेले जोड पहिल्या पावसात हिरवे पडतात, तिथे लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण) दाबून उष्णतेने आवळणारी नळी लावा. अॅल्युमिनियमची केबल स्वस्त आहे, पण ती तांब्यापेक्षा दीडपटीहून जाड घ्यावी लागते आणि तांब्याशी जोडताना द्विधातू लग लागतो. डोक्यावरून वायर नेली तर चाऱ्याने भरलेली गाडी खालून जाईल एवढी उंच हवी. जमिनीतून न्यायची तर पाइपातून, दोन फूट खोल. खडक लागला की जेवढं जमेल तेवढं खणून वर दगड रचा. उंदीर प्लॅस्टिक कुरतडतात, पाइपाचं तोंड बंद ठेवा.

विजेच्या कडकडाटात लांब वायर धोक्याची असते. वीज प्रत्यक्ष लाइनवर पडायची गरज नाही; जवळपास पडली तरी पेट्या जळतात. लाइनच्या दोन्ही टोकांना डीसी सर्ज प्रोटेक्टर (अचानक आलेलं जादा व्होल्टेज जमिनीत सोडणारं उपकरण) आणि चांगलं अर्थिंग हवं. सातपुड्याच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत एक सळई पुरत नाही, दोन-तीन सळया अंतरावर ठोकून एकत्र जोडाव्या लागतात. तापीकाठच्या काळ्या जमिनीत हेच काम एका सळईत होतं, पण उन्हाळ्यात ती भेगाळली की तिथेही ओल द्यावी लागते.

उष्णतेचं गणित खान्देशात टाळता येत नाही. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे तिथे सोळा टक्के गेले. पॅनेल आणि पत्रा यांच्यात चार-पाच इंच हवा खेळती ठेवली तर यातलं थोडं वाचतं. बॅटरीचं दुखणं याहून मोठं: शिसं-आम्लाची बॅटरी सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर तिचं आयुष्य जवळजवळ निम्मं होतं. लिथियमचं संरक्षण सर्किट फार तापलं की भरून घ्यायलाच नकार देतं, आणि ऐन दुपारी, वाटणीच्या वेळीच. बॅटरी पत्र्याखालच्या माळ्यावर नको. उत्तरेच्या भिंतीला, जमिनीलगत, लाकडी फळीवर ठेवा. पॅनेल पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

या विजेवर काय चालेल

पलीकडच्या घरातले दिवे, मोबाईल, पंखा. कपाशीवर फवारायच्या बॅटरीवाल्या पंपाचं चार्जिंग. अंगणवाडीतला पंखा. ५०-१०० वॅटचा डीसी पंप लावून दुपारी पिण्याच्या पाण्याची टाकी भरणं, हा तर उत्तम वापर, कारण इथे पाणीच साठा होतं आणि बॅटरीची झीज शून्य.

पिठाच्या गिरणीचं मात्र नाव काढू नये. ज्वारी-उडदाचं कळणं दळायला एक एचपीची मोटर लावली तर चालताना जवळजवळ एक किलोवॅट लागतो आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहापट झटका येतो. १०० वॅटच्या आठ पेट्या हे उचलू शकत नाहीत. गिरणी हवी असेल तर तिच्यासाठी वेगळं पॅनेल, किंवा सगळ्या पाड्याचा २३० व्होल्टचा मिनीग्रिड (छोटं स्थानिक वीजजाळं). तो वेगळा खर्च आणि वेगळी जबाबदारी आहे.

हिशेब आणि माणसं

देणाऱ्याकडून ३०० वॅट-तास निघाले तर पेटी, वायर आणि पलीकडची पेटी यांतून सुमारे २५० पोचतात, आणि शिशाच्या बॅटरीत जाऊन परत वापरताना २१० हाती येतात. चार दिवे पाच तास, वर मोबाईल, एवढं होतं. पण घेणाऱ्याच्या मीटरवर २५० आणि देणाऱ्याच्या मीटरवर ३०० हे रोज दिसणार, आणि भांडण इथूनच सुरू होतं. पहिल्या दिवशीच ठरवा: देणाऱ्याला त्याच्या मीटरप्रमाणे जमा, घेणाऱ्याला त्याच्या मीटरप्रमाणे नावे, मधली तूट सगळ्यांच्या सामाईक खात्यात.

दर पैशातच असावा असं नाही. बंद घराची वीज वापरणाऱ्याने त्या घराचं पॅनेल धुवायचं, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरायचं आणि राखण करायची, हा करार रुपयांपेक्षा टिकाऊ ठरतो, कारण त्यात मालकाचाही रोकडा फायदा आहे. स्थलांतराला जाण्यापूर्वी मालकाने पेटी चालू ठेवायची का, किल्ली कुणाकडे, बिघडलं तर भरून कोण देणार, हे चार साक्षीदारांपुढे लिहून ठेवा. पैसे घ्यायचेच असतील तर ते केबल, फ्यूज आणि पेट्यांच्या दुरुस्तीसाठी गटाच्या खात्यात साठवा.

आणि एक पाटकरी नेमा. फडाच्या पाटावर पाणी सोडणारा माणूस सगळ्यांनी मिळून नेमलेला असतो आणि त्याचा मोबदला सगळे मिळून देतात. इथेही एक जण हवा जो आठवड्यातून एकदा मीटर लिहील, महिन्यातून एकदा जोड हाताने तपासेल आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा) वापरू शकेल. पावसाळ्यात आधी कुणाला द्यायचं हेही त्याच्याकडे लेखी असू द्या: आजारी माणूस किंवा बाळंतीण असलेलं घर, मग अभ्यासाची मुलं, मग बाकी.

कागदपत्रं

वीज कायदा २००३ च्या कलम १४ प्रमाणे राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही, पण कलम ५३ खालचे सुरक्षिततेचे नियम पाळावे लागतात. तुमचं गाव त्यात येतं का, हे वीज निरीक्षकाच्या कार्यालयात विचारून घ्या. संच सरकारी योजनेतला असेल आणि देखभालीची मुदत चालू असेल तर सील तोडू नका. आधी लेखी विचारा. धडगाव-अक्कलकुवा हा पेसा कायद्याचा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या कायद्याचा) भाग आहे, तेव्हा लाइन कुणाच्या शेतातून जाणार याचा ठराव ग्रामसभेत घ्या. वनजमिनीत खांब रोवायचा असेल तर वनविभागाशी आधी बोला.

उद्या महावितरणची तार पाड्यावर आलीच तर ही लाइन काढून टाकायची गरज नाही. पावसाळ्यात तार तुटली की तीच कामाला येते. फक्त २३० व्होल्टची आणि ४८ व्होल्टची वायर एका पाइपात, एका बोर्डात किंवा एका रंगात कधीही ठेवू नका. नव्या घरात वायरिंग करणाऱ्याला भिंतीतली कोणती वायर कशाची हे माहीत नसतं, म्हणून ४८ च्या केबलवर दर दोन मीटरवर पक्क्या रंगाने आकडा लिहा.